अमावस्येला नेटवर्क सुरळीत

ऑफिसातलं नेटवर्क संथ झालं की मी आजही आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघते. हल्लीची मुलं राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, स्पीड मोजतात, कंपनीला फोन लावतात. ते सगळं मीही करते, पण नंतर. आधी तिथी. ही सवय मला एका बापामुळे लागली. तो आपल्या मुलीला शोधत होता, आणि हे आम्हाला कळायच्या कितीतरी आधी आमच्या नेटवर्कला कळलं होतं.

आमचं ऑफिस म्हणजे राजारामपुरीतलं एक वधूवर सूचक केंद्र. एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं ते सुरू केलं होतं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. मी तिथे व्यवस्थापक म्हणून लागले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, आणि मुलामुलींचे फोटो जाड काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटवलेले असायचे. कॉम्प्युटर मागाहून आले, आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला ते एकमेकांना निळ्या केबलनं जोडले गेले. जागा मूळची राहत्या घराची, तळमजल्यावरची. बाहेरच्या खोलीत आम्ही, मधल्या खोलीत बाईंची केबिन, स्वयंपाकघरात कागदांची कपाटं. न्हाणी रिकामीच होती. पाइपासाठी भिंतीला आधीच भोक होतं, म्हणून सगळ्या केबली तिथे नेल्या आणि साबण ठेवायच्या फळीवर हब बसवला. हब म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा. प्रत्येक वायरीपाशी एक हिरवा दिवा. त्या वायरीतून काही येऊ-जाऊ लागलं की तो लुकलुकतो.

फोटो सगळे बाईंच्या केबिनमधल्या मोठ्या मशीनवर. स्कॅन करताना बाईंचा एकच हुकूम असायचा, सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात मोठा. "मुलगी सावळी असेल तर सावळीच दिसू दे. नंतर बैठकीत भांडणं नकोत." त्यामुळे आमच्याकडचा एकेक फोटो एवढा मोठा असायचा की कानातल्याचा खडासुद्धा मोजता यावा. यात काही चूक आहे असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

आधीपासून कुरकुरणारं नेटवर्क श्रावणात रडायलाच लागलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी लोक तेव्हापासूनच चकरा मारतात. खेड्यांतून, वारणानगरकडून, गडहिंग्लजच्या बाजूनं आईबाप यायचे, बाकड्यावर बसायचे, आणि आम्ही त्यांना स्क्रीनवर स्थळ दाखवायचो. पण फोटो उघडायचा तो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं. आधी भांग. मग कपाळ. मग बराच वेळ काहीच नाही. कपाळाखाली करडा चौकोन, आणि समोर माणसं गप्प बसून त्या अर्ध्या तोंडाकडे बघतायत. मला ते बघवायचं नाही. दिवसभर ऑफिसात डोळे नसलेल्या पोरी टांगल्यासारख्या असायच्या.

आमची ऑपरेटर फटकळ होती. शुक्रवार पेठेतली, लग्न झालेली, आवाज दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. ती पाहुण्यांना सांगायची, "बसा पावणं. कपाळ आलंय, बाकीची वाटंत हाय."

लोक हसायचे. एकदा हसायचे, दुसऱ्यांदा नाही. एका नेसरीच्या गृहस्थांनी उठून सांगितलं की आमच्या गावाची एसटी तुमच्या मुलीपेक्षा लवकर येते. ते परत आले नाहीत.

मी पाठकोऱ्या कागदावर यादी केली. मला यादी केल्याशिवाय काही सुचत नाही, भाजी आणायलासुद्धा नाही. केबल कुठे दुमडली आहे का, उंदरानं कुरतडली आहे का, टोकाच्या क्लिपा घट्ट आहेत का, व्हायरस, विजेचा दाब, मोठ्या मशीनची डिस्क भरली आहे का. एकेक तपासून खोडत गेले. केबल नवी घातली. डिस्क मोकळी केली. हार्डवेअरवाला मोटरसायकलवरून आला, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "व्हायरस हाय म्याडम." सगळी मशीन पुसून नव्यानं भरली. फरक शून्य. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "अर्थिंग न्हाय." अर्थिंग केलं. तिसऱ्या खेपेला तो न्हाणीच्या दारात उभा राहून वर-खाली बघत म्हणाला, "एकदा वास्तू दावून घ्या."

"त्याला कशाला वास्तू दावायची," ऑपरेटर म्हणाली. "न्हाणीत कुनीतरी बाई हाय. आंघोळ करतीया. मी रोज बघते की, दिवं कसं लुकलुकत्यात."

तेव्हापासून ती थट्टा ऑफिसात रुळली. सकाळी थोडा वेळ सगळं ठीक चालायचं. जेवायच्या सुट्टीआधी कधीतरी फोटो अडकायला लागले की ऑपरेटर मान न वळवता म्हणायची, "आली आंघोळीला." मी हसायचे. पण संध्याकाळी कुलूप लावताना न्हाणीचं दार आधी ओढून घ्यायचे आणि मग बाकीचे दिवे घालवायचे, हेही खरं. त्या खोलीत नळ कधीचा बंद होता, फरशी कोरडी ठणठणीत होती, आणि तरी तिथे ओल्या भिंतीचा वास यायचा.

अमावस्येची गोष्ट मला भाद्रपदात लक्षात आली. अमावस्येला आमच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. त्या दिवशी कुणी स्थळ बघत नाही, नाव नोंदवत नाही, फोनसुद्धा करत नाही. म्हणून तुंबलेलं सगळं काम आम्ही त्या दिवशी काढायचो. नवे फोटो स्कॅन करायचे, महिन्याची यादी छापायची, सांगली-बेळगाव-पुण्याच्या केंद्रांना पाठवायच्या सीडी भरायच्या. सगळी मशीन सकाळपासून राबत असायची. त्या अमावस्येला मी सीडी भरत होते आणि एकदम जाणवलं की आज फोटो झरझर उघडतायत. भांग, कपाळ, डोळे, हनुवटी, एका दमात.

मी ऑपरेटरला म्हटलं, "आज कसं काय?"

"आवस हाय न्हवं. आज ती बाहेर गेली असंल तिच्या लोकांत."

मी मागच्या अमावस्येचं काम आठवून पाहिलं. त्या दिवशीही सीडी चटकन झाल्या होत्या. म्हणजे कामाच्या ओझ्यानं नेटवर्क दमत नव्हतं. ओझं तर अमावस्येलाच सगळ्यात जास्त. मग अमावस्येला ऑफिसात काय नसतं? पाहुणे नसतात. पण पाहुणे मशीनला हात लावत नाहीत, आम्हीच दाखवतो. हे माझं उत्तर चुकीचं होतं. एक पाहुणे हात लावत होते, आणि त्यांची आम्हाला इतकी सवय झाली होती की ते मोजणीतच येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, नेहमीसारखं सगळं अडकलं तेव्हा, मी सगळ्यांना सांगितलं, "हात मांडीवर ठेवा. कुणी काही दाबू नका." न्हाणीत गेले, दार लोटलं आणि अंधारात हबसमोर उभी राहिले. दिवे एकेक करून शांत झाले. बाईंच्या मोठ्या मशीनचा आणि आणखी एक सोडून. तो दिवा श्वास न घेता लुकलुकत होता. अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. मग मी वायरीवर मीच चिकटवलेली चिठ्ठी वाचली. "सभासद."

सभासदांसाठीचं मशीन बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात होतं. नियमित येणाऱ्यांना तिथे बसवून अल्बम उघडून द्यायचा, म्हणजे आम्ही मोकळे. तिथे इचलकरंजीचे काका बसले होते.

काका वर्षभर येत होते. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, कापडी पिशवीत डबा. मागांच्या खडखडाटात राहून कान अधू झालेले, त्यामुळे बोलणं मोठ्यानं. सकाळची एसटी धरायची, आमच्याकडे यायचं, व्हरांड्यात डबा खायचा, चारच्या सुमाराला परत. पुतण्यासाठी मुलगी बघतो म्हणून त्यांनी नाव घातलं होतं. मुलाकडचे म्हणून त्यांना मुलींचा अल्बम उघडून मिळायचा. वर्षभरात त्यांनी एकाही मुलीचा पत्ता मागितला नव्हता.

ऑपरेटर त्यांना छेडायची. "काका, पुतण्या खरंच हाय न्हवं? का सोतासाठीच बघतायसा?"

"माझं झालंय बाई. दोनदा चालत न्हाय," ते ओरडून म्हणायचे, आणि बाकड्यावरचे पाहुणेही हसायचे.

मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. त्यांना ऐकू आलं नाही. ते माहिती वाचत नव्हते. शिक्षण, उंची, गोत्र, काही नाही. फोटो पूर्ण उघडेपर्यंत थांबायचे, चेहरा मोठा करायचे, पुढे झुकायचे, आणि पुढचा. ताका टेबलावरून सरकत जावा आणि तपासणाऱ्यानं फक्त तुटलेल्या धाग्यासाठी नजर लावून बसावं, तसं. नवे फोटो नव्हते ते. मागच्या महिन्यात, त्याआधीच्या महिन्यात पाहिलेलेच. ते पहिल्यापासून पुन्हा सगळा अल्बम बघत होते. रोज बघत असणार. एवढे मोठमोठे फोटो एकामागून एक त्या एकाच वायरीतून ओढले जात होते, आणि बाकीचं ऑफिस कपाळावर अडकून बसलं होतं.

मी बिघाड सापडल्याच्या आनंदात होते. त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "काका, हे तर तुम्ही पाहिलेले फोटो आहेत."

ते दचकले. मग मला कधीच माहीत नसलेल्या, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "नजर चुकली असंल म्हनून."

"कुणावरून?"

ते डबा न खाताच उठले. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं, पाणी दिलं. मला तेव्हा वेगळाच संशय आला होता, म्हातारा माणूस रोज पोरींचे फोटो बघतो म्हटल्यावर कुणालाही येईल तो. मी तो स्पष्ट बोलूनही दाखवला. त्यांना राग आला नाही. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी. बघायला आलेल्या प्रत्येक मुलाला नको म्हणत होती. शेवटी एका ठिकाणी काकांनीच होकार दिला, सुपारीचा दिवस ठरवला. त्या दिवशी माणसं बैठकीत बसलेली असताना ती मागच्या दारानं गेली. कुणाबरोबर तरी पळाली असं सगळ्यांनी धरलं. भावकी जमली, आणि काकांनी सगळ्यांच्या देखत तिच्या नावानं आंघोळ केली.

"खरंच केली?" मी विचारलं. मला वाटायचं ती नुसती बोलायची रीत असते.

"खरंच. डोक्यावरनं. बायकूलाबी करायला लावली." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "कुनाबरोबर गेलीच न्हवती वो ती ताई. एकटीच गेलती. लई मागनं कळलं. पुण्यात दवाखान्यात कामाला हाय म्हनून कुनीतरी बघितलं. लगीन केल्यालं न्हाय. कुठला दवाखाना, कुनाला ठावं न्हाय."

"मग पुण्याला जाऊन चौकशी करायची."

"कुनाची करू? नाव घेऊन इचारायचं तर मेलेल्या मानसाचं नाव. मीच मारलीया तिला चार लोकांत. घरात बायकू तिचं नाव काढत न्हाय. आदी मी काढू देत न्हवतो. आता मी काढलं तरी ती काढत न्हाय."

मग त्यांनी त्यांचा हिशेब सांगितला, आणि तो मला अजून चोख वाटतो. कधी ना कधी तिला लग्न करावंसं वाटेल. आईबाप असलेल्या पोरीचं आईबाप बघतात. जिला कुणी नाही ती कुठे जाणार? एखाद्या केंद्रात आपलं नाव आपणच घालणार. पुण्याच्या केंद्रांतून आमच्याकडे सीडी येतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून पुतण्या.

मी विचारलं, "आणि अमावस्येला तुम्ही का येत नाही? तुम्हाला काय मुहूर्त पाळायचाय?"

"त्या दिवशी दिसली तर काय घ्या?" ते म्हणाले. "आवसेला दिसली तर वाटंल, मेल्यालीच दिसली."

चारच्या एसटीची वाट न बघता ते गेले. मी आत आले तेव्हा फोटो झरझर उघडत होते. ऑपरेटर खुशीत म्हणाली, "गेली वाटतं आंघोळ करून." मी तिला पहिल्यांदा गप्प बस म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्यानंतर ती थट्टा ऑफिसात कुणी केली नाही.

बाईंना सांगणं भाग होतं. बाई नियमाच्या पक्क्या. मुलींचे फोटो म्हणजे लोकांनी विश्वासानं आपल्या हवाली केलेल्या मुलीच, असं त्या म्हणायच्या, आणि खोटं सांगून अल्बम बघणाऱ्याला त्या दुसऱ्या दिवशी पायरी चढू देणार नाहीत याची मला खात्री होती. तशी वेळ आली तर काय बोलायचं याचे मुद्देही मी काढून ठेवले. ते वापरायची वेळ आली नाही. बाईंनी काकांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही बसवून घेतलं.

"तुम्ही खोटं सांगून आत आलात," बाई म्हणाल्या.

"व्हय."

"पुतण्या आहे का?"

"हाय. त्याचं लगीन होऊन दोन पोरं हायत त्याला."

"मग तुम्हाला अल्बम बघता येणार नाही. मुलीचा फोटो आणून द्या. या रोज बघतील तुमच्यासाठी." बाईंनी माझ्याकडे बोट केलं. त्यांच्या मते यावर तोडगा निघाला होता.

काका म्हणाले, "फोटू न्हाय."

"एकही नाही? शाळेतला? जत्रेतला?"

"बंबात घातलं सगळं. शाळंचं दाखलंबी. माझ्या भावानं घातलं, मी हुबा व्हतो." ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. "त्याच पान्यानं आंघोळ केली."

बाई चष्मा काढून तो पदरानं पुसत राहिल्या. स्वच्छ होऊनही पुसत राहिल्या. आमच्यात एकच माणूस त्या मुलीला ओळखू शकत होता, आणि त्याच्याच डोळ्यांसमोरून आम्ही अल्बम काढून घेत होतो.

"काही खूण?" बाईंनी शेवटी विचारलं.

"डाव्या भुवईत खाच हाय. ल्हान व्हती तवा माझा डबा घिऊन शेडात आली. मागावरचा धोटा उडाला आन् लागला. थोडक्यात डोळा वाचला."

बाईंनी चष्मा घातला. "आमच्याकडे येणारे फोटो स्कॅन करायच्या आधी कुणीतरी नीट करायला लागतात. टाचण्या काढायच्या, मागे पेन्सिलीनं नंबर घालायचा, बाहेरच्या सीडींतून येणाऱ्या फोटोंच्या छापील प्रती क्रमानं लावायच्या. ते काम तुम्ही करा. कामाला म्हणून बसा, या मधल्या टेबलावर, सगळ्यांसमोर. स्क्रीनला हात लावायचा नाही. प्रत्येक फोटो तुमच्या हातातून एकदा जाईल."

"एकदाच?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज त्या दिवशीसारखाच पुन्हा लहान झाला होता.

"एकदाच. नीट बघा."

नेटवर्कचं पुढचं काम मी सपाट्यानं उरकलं. पाहुण्यांना दाखवायला फोटोंच्या लहान प्रती केल्या, मोठे मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर हलवले, हब काढून त्या जागी प्रत्येक वायरीला वेगळी वाट देणारा चांगला स्विच बसवला. हार्डवेअरवाल्यानं बिल देताना विचारलं, "काय सापडलं शेवटी?" मी सांगितलं, "फोटो मोठे होते." ते खोटं नव्हतं. त्यानंतर कपाळावर अडकलेला चेहरा आमच्याकडे कुणी पाहिला नाही.

काका मधल्या टेबलावर बसायला लागले. लोकांना वाटायचं, सावकाश काम करणारा म्हातारा आहे. एकेक फोटो ते खिडकीकडे तिरका धरायचे, अंगठ्यानं अर्धा चेहरा झाकून नुसती भुवई बघायचे, मग पालथा घालून नंबर टाकायचे. पालथा घातलेला पुन्हा उलटायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घातला होता. कधीकधी हात तसाच वर राहायचा आणि मी माझं काम थांबवून बघायचे. मग पेन्सिल चालायची. मलाही ती सवय जडली. बाजारात, बसमध्ये, आरशातसुद्धा, माझी नजर आधी डाव्या भुवईवर जायची. जिला मी कधी पाहिलं नव्हतं ती मला सगळीकडे अर्धी दिसायची.

अमावस्येला त्यांची खुर्ची रिकामी असायची. तो नियम त्यांनी बदलला नव्हता.

अशाच एका अमावस्येला, आम्ही यादी छापत असताना, एक बाई एकटीच आत आली. तिशी ओलांडलेली, साधी सुती साडी, प्रवासानं चुरगळलेली, नाकावर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. चपला दाराबाहेर काढून आली. ऑपरेटर म्हणाली, "ताई, आज आवस हाय. आज कोन नाव घालत न्हाय."

"मी पाळत नाही," ती म्हणाली. "आणि मला सुट्टी आजपुरतीच आहे."

मी तिला समोर बसवलं, फॉर्म दिला. कुठून आलात विचारलं. पुण्याहून, इकडे परवा एका लग्नाला आले होते, म्हणाली. आईवडील कुठे असतात विचारलं, तर म्हणाली, "माझं मीच बघते." चष्म्याची फ्रेम नेमकी भुवयांवर बसली होती. मी वाकून बघू शकत नव्हते. फोटो मागितला. तिनं पर्समध्ये हात घातला, मग थांबली.

"इथे फोटो कोण कोण बघतं?"

एखादी वायर कुणाची हे कळत नसेल तर ती काढून बघायची आणि कुठला दिवा विझतो ते पाहायचं, एवढंच मला येतं. मी सरळ सांगितलं, "सगळ्यात आधी एक गृहस्थ बघतात. इचलकरंजीचे आहेत. मागाच्या कारखान्यात ताके तपासायचे. ते सगळे फोटो बघतात, रोज. आज तेवढे आले नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फॉर्मची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि पर्समध्ये ठेवली. "फोटो नंतर पाठवते," म्हणाली. मी तिला उद्यापर्यंत थांबता येईल का विचारलं. चहा घ्या म्हटलं. ती उठली होती. ऑपरेटर तिच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन खुर्चीत बसली.

मला खात्री नव्हती. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले, पिशवी खुंटीला लावली, तेव्हा मी त्यांना जसं घडलं तसं सांगितलं, माझ्याकडून काही न घालता. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "चष्मा व्हता?"

"हो. जाड."

"तिला न्हवता." थोड्या वेळानं, "त्याला वरसं झाली म्हना." मग कॅलेंडरकडे बघून, "काल आवस व्हती."

"हो."

त्यांनी पुढे जे विचारलं ते इतक्या गंभीरपणे की ऑपरेटरचेही हात थांबले. "पाय बघितलासा?"

आमच्याकडे कुणालाही कळेल ते काय विचारत होते. मेलेल्याचे पाय उलटे असतात म्हणतात. मी त्या कोरड्या न्हाणीत उभी राहून अंधारात दिवे पाहिलेली बाई, मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "काका, ती चपला बाहेर काढून आली आणि जाताना घालून गेली. एका चपलेचा अंगठा तुटला होता, पिन लावली होती. फाटकाची कडी तिनं स्वतः लावली."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. "चपला घालून गेली," ते स्वतःशीच म्हणाले. मग टेबलाशी बसून त्या दिवसाचे फोटो त्यांनी केले, नेहमीसारखे, एकेक.

तिचा फोटो आला नाही. मी पुण्याच्या केंद्रांना फोन करून पाहिले, काही हाती लागलं नाही.

पुढच्या अमावस्येला सकाळी मी कुलूप काढायला आले तर काका पायरीवर बसले होते, मांडीवर डब्याची पिशवी. त्या दिवशी त्यांनी फोटोंना हात लावला नाही. खुर्ची उचलून त्यांनी ती दाराकडे तोंड करून ठेवली आणि चारच्या एसटीपर्यंत तिथे बसून राहिले. त्यानंतर त्यांना येणं जमेनासं होईपर्यंत त्यांनी एकही अमावस्या चुकवली नाही. आत आमचं काम झरझर चालायचं, प्रिंटर खडखडायचा, आणि कान अधू असूनही दाराबाहेर चप्पल वाजली की त्यांची मान वर व्हायची. आधी पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे.